सोवळ्यातली चंची

ता. १० ऑक्टोबर १९३४, बुधवार. महाड.

यंदा चातुर्मासात राग सोडला आहे. बाकीच्या बायका कांदा सोडतात, वांगं सोडतात. त्यात काय मोठंसं? राग सोडायला मनोनिग्रह लागतो. आजवर व्रत अखंड चाललं आहे.

सकाळी मात्र अंगाचा तिळपापड झाला. (हा राग नव्हे. हा तत्त्वाचा संताप.) पोलादपुराहून आपला भागोजी काकड्या घेऊन आला. आपली शेतं तोच करतो. गेल्या कापणीत त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला विळा लागला, तेव्हा सासूबाईंनी हळद, चुलीतली राख आणि वर चघळलेल्या पानाचा चोथा दाबला. बोट सडलं. शेवटी कापावं लागलं. आणि आज त्याच सासूबाई त्याला विचारतात, "काय रे, बरं आहे ना आता बोट?" जे बोट नाहीच, ते बरं कसं असेल?

भागोजी म्हणाला, यंदा आवडी पहिल्यांदाच विळा धरणार. त्याची मुलगी. फाल्गुनात लग्न ठरलं आहे. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की या कापणीला मी स्वतः येणार, आणि फर्स्ट एडचं सगळं सामान बरोबर आणणार. आवडीच्या बोटाला पानाचा चोथा लागू देणार नाही. मी मॅट्रिक कशासाठी झाले?

सासूबाई म्हणाल्या, "अगो, विळा काय तुझं सर्टिफिकेट वाचून बाजूला होणार आहे?"

मी काकड्या उचलून आत गेले. व्रत.

ता. १२, शुक्रवार.

दवाखान्यातल्या कंपाउंडरांना जाऊन विचारलं, काय काय घेऊ. त्यांनी एवढी मोठी यादी सांगितली की ती न्यायला बैलगाडी लागावी. थर्मामीटर, एरंडेल, लाकडी पट्ट्या. शेतात ताप मोजत बसू? मी म्हटलं, कापणं आणि खरचटणं, एवढ्यापुरतं सांगा, आणि काखेत मावेल असं सांगा. ते हसले. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. मग सरळ बोलले: टिंक्चर आयोडीन, बोरिक पावडर, कापूस, उकळलेल्या कापडाच्या पट्ट्या, कात्री. आणि मुख्य म्हणजे हात स्वच्छ धुतल्याशिवाय कशाला शिवू नका. जर्म्स असतात.

जर्म्स! घरी येईपर्यंत माझ्या मनात लख्ख प्रकाश पडला. आपल्या पूर्वजांनी सोवळं दुसरं कशासाठी सांगितलं? नुसते हात धुऊन काय होतं? माझं फर्स्ट एड सोवळ्यात राहील. कंपाउंडरांना हे सुचायला हवं होतं.

ता. १५, सोमवार.

डबा घ्यावा तर पत्रा गंजतो, पितळी जड, लाकडी महाग. विचार करता करता सासूबाईंच्या चंचीकडे लक्ष गेलं. पान एका कप्प्यात, सुपारी दुसऱ्यात, चुन्याची डबी तिसऱ्यात, गुंडाळलं, नाडी बांधली, कनवटीला. असली सुटसुटीत वस्तू शतकानुशतकं घरात असून लोकांनी तिच्यात पानं कोंबली!

तशीच चंची मी शिवायला घेतली. इकडचा जुना मुकटा विरला होता, त्यातलं रेशीम वापरलं. रेशीम म्हणजे मुळातच सोवळ्याचं. इकडून विचारणं झालं, "तो मी पूजेला नेसतो ना?" मी म्हटलं, नेसत होता.

पट्ट्या जुन्या धोतराच्या. उकळून, वाळवून, बोटभर रुंद कापल्या. कंपाउंडर चार बोटं म्हणाले होते. त्यांना काय, सरकारी कापड. टिंक्चर अत्तराच्या रिकाम्या कुपीत भरलं.

ता. २२, सोमवार.

इकडच्या हातावर पट्टी बांधायचा सराव केला. जेवताना. दुसऱ्या कुठल्या वेळी स्वारी एका जागी बसते? पट्टी कोपरापर्यंत गेली आणि आमटी सांडली. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "नवऱ्याला बांधून ठेवायला एवढं शिक्षण लागत नाही गो."

मला राग आला नाही. मी फक्त ताट आपटलं.

ता. ३०, मंगळवार.

चंची तयार. सोवळ्याच्या काठीवर टांगली आहे. नियम सर्वांना ऐकवले: आंघोळ करून ओलेत्यानं, नाहीतर रेशीम नेसून, मगच हात लावायचा. इकडून शंका निघाली, रक्त वाहत असताना आंघोळ? मी म्हटलं, डिसिप्लिन. इकडून पेपर वर धरण्यात आला.

सासूबाईंनी चंची लांबून न्याहाळली आणि म्हणाल्या, "सुरेख शिवली आहेस. पान छान राहील."

ता. १० नोव्हेंबर, शनिवार. पोलादपूर.

दिवाळी आटोपून सासूबाई आणि मी आलो. सर्व्हिस मोटारीत चंची मांडीवर घेतली असती तर ओवळी झाली असती, म्हणून काठीच्या टोकाला अडकवून खिडकीबाहेर धरली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, निशाण कसलं?" मूर्ख.

खळ्यावरच्या झोपडीत सगळ्यात उंच खुंटीवर टांगली. आवडीला विळा कसा धरावा ते समजावलं. ती म्हणाली, "वयनी, तुमी कवा कापलाव?" मी म्हटलं, तत्त्व सांगते आहे. ती हसत वाफ्यात उतरली. पोरीचा हात फार चपळ आहे. जीव खालीवर होतो.

ता. १३, मंगळवार.

झोपून लिहिते आहे. उजवा पाय उशीवर. सगळं जसं घडलं तसं लिहिते, म्हणजे दोष कुणाचा ते कायमचं नोंदलं जाईल.

काल दुपारी आवडी ओरडली. डावी करंगळी. रक्त नुसतं ठिबकत नव्हतं, वाहत होतं. मी क्षणाचाही विलंब न लावता हुकूम सोडला: कोणीही चंचीला शिवू नका! आणि आंघोळीला नदीवर धावले. याहून तत्पर माणूस दाखवावा.

सावित्रीच्या धोंड्यांवर शेवाळ होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाय घसरला आणि नडगी धोंड्यावर फाटली. उठता येईना. हाक मारली तर भागोजी धावत काठावर आला.

"वयनी! चंची आनू काय?"

"ओवळ्यानं नको!"

"मग काय करू?"

"आधी आंघोळ कर!"

तो बिचारा पागोट्यासकट पाण्यात शिरला. वर त्याची मुलगी रक्त गाळते आहे, खाली मी, आणि हा बुडी मारतो आहे. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. बोट गमावलेला माणूस. तरी त्यानं माझा शब्द मोडला नाही. मला वाटलं, एकदा तरी मोडावा.

तेवढ्यात सासूबाई. तोंडात पान. त्यांनी आपल्या काठीनं, घरी सोवळ्याचं वस्त्र काढतात तशी, उंच खुंटीवरून चंची अलगद उचलली आणि काठीच्या टोकावर डोलवत शेतातून नेली. आवडीजवळ पोहोचून ओरडल्या, "मी शिवलेली नाही हो! भागोज्या, तू न्हालास ना? मग तूच सोवळ्यात. सोड नाडी!"

भागोजीनं ओलेत्यानंच वर धावत जाऊन सोडली. टिंक्चर ओतलं. आवडीनं त्याला, मला आणि नदीला जे शब्द वापरले ते व्रतामुळे लिहीत नाही. पट्ट्या बोटभर रुंद, म्हणून एकीवर एक, एकीवर एक, सगळ्या संपल्या. राहिलेली गाठ त्यानं दातानं आवळली.

मला भागोजीनं आणि एका गड्यानं उचलून झोपडीत आणलं तेव्हा चंचीचे सगळे कप्पे रिकामे. कुपी उताणी.

सासूबाईंनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाल्या, "आता हळद चालेल का, मॅट्रिकबाई?"

राखेला नाही म्हटलं. चोथ्यालाही नाही म्हटलं. हळद चालली.

ता. १८, रविवार. महाड. द्वादशी.

आज चातुर्मास संपला. सोडलेली वस्तू ब्राह्मणाला दान द्यायची असते. सासूबाईंना विचारलं, राग सोडला तर दान कसलं? त्या म्हणाल्या, "तो सुटला कधी? आणि सुटला असता तरी घेणार कोण?" शेवटी नारळ दिला.

पाय सुजला आहे. कंपाउंडर रोज टिंक्चर लावतात. आज विचारत होते, सामान नेलं होतंत ना? मी म्हटलं, नेलं होतं. उत्तम चाललं.

दुपारी भागोजी आणि आवडी नव्या तांदळाचे पोहे घेऊन आले. कंपाउंडरांनी आवडीची पट्टी सोडून पाहिली. पू नाही, काळं नाही. करंगळी वाकवते आहे. पुन्हा पुन्हा वाकवून दाखवत होती, मी नको म्हणेपर्यंत. भागोजीनं आपल्या हाताकडे एकदा पाहिलं आणि तिच्याकडे.

तिनं चंची धुऊन आणली होती. सासूबाईंनी लगेच पुढे होऊन घेतली, "ओवळी झालीच आहे आता," असं म्हणून पानं भरून बसल्या. आयोडीनचा वास येतो म्हणतात, पण सोडत नाहीत.

निघताना आवडी म्हणाली, "वयनी, चंची लय कामाची हाय. नवी शिवा. पन पुढल्या साली जरा खालच्या खुंटीला टांगा वो. माज्या हाताला लागंल अशी."

माझ्या तोंडावर. माझ्याच ओसरीवर. आणि आजपासून मला रागवायची मुभा. उशीला टेकून बराच वेळ वाट पाहिली. आला नाही.

इकडचं एक धोतर विरायला आलं आहे. पट्ट्या चार बोटं रुंद.