मिसरीची डबी

मंगळवार, संध्याकाळ

थकले आज. गावातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीत शांताकाकूंच्या गालात पांढरा चट्टा निघाला, डॉक्टरांनी वाशीमला पाठवलं. आशा सेविका म्हणून त्यांचा फॉर्म मीच भरलेला. तंबाखू खाता का? नाही.

"काकू, खोटं काहून सांगतलं?"

"खोटं कायले सांगू वं बाई? मी तंबाखू खातच नाही. मिसरीनं दात घासतो, दिवसातून तीनदा. तोंड साफ पाह्यजे ना!"

कमरेची डबी काढून दाखवली. मिसरी म्हणजे जाळलेली तंबाखूच. दात कशानं घासता, हे मला विचारायचं सुचलं कसं नाही?

घरी न्हाणीत सासूबाईंची तशीच डबी. सरली की तव्यावर तंबाखू भाजून मीच भरते.