पुनो मेस्तांची बंदूक

२४ सप्टेंबर २०२५
डिचोलीहून आले ती नाचतच! मामंजींच्या आजोबांनी, पुनो मेस्तांनी घडवलेल्या तीन ठासणीच्या बंदुका एकाच घरात बघायला मिळाल्या. तिन्हींचा दस्ता फणसाचा, खाली वळलेला. नळीला पितळी कड्या. ठिणगी पाडणाऱ्या केपावर आपटणाऱ्या घोड्यावर बारीकसं कमळ. आता मेस्तांचा हात कुठंही ओळखेन. दसऱ्याला देवळात जुन्या हत्यारांचं प्रदर्शन मांडतेय — पहिला मान आमच्या घरच्या बंदुकीचा, असा मामंजींना शब्द देऊन बसलेय.

२६ सप्टेंबर
आमची बंदूक उतरवली. दरवर्षीच्या पूजेची तेला-गंधाची पुटं पुसली. दस्ता शिसवी, सरळ. कड्या लोखंडी. कमळबिमळ काही नाही. ही तर सावंतवाडीकडची घडण! मामंजी मागेच उभे. "आज्याच्या हातची ती," म्हणाले. मी मान डोलावली. खोटारडी! पण ऐंशीच्या माणसाचा आजोबा कसा काढून घेऊ?

२८ सप्टेंबर
शेजारच्या रामचंद्रकाकांकडे गेले. मूळचे सावंतवाडीचे, मामंजींचे जिवलग — तरी सहा-सहा महिने अबोला! त्यांची बंदूक पुसली. फणस, पितळ आणि — कमळ!

त्यांच्या बायकोनं, शालिनीकाकूंनी उलगडा केला. २००२च्या निवडणुकीत दोघांच्या बंदुका पोलीस चौकीत जमा होत्या. दोघं एकाच स्कूटरवरून आणायला गेले, येताना मोरजीला फेणी. "दोगय शुद्धीर खंय होते!" तेवीस वर्षं एकमेकांच्या आजोबांना हळद-कुंकू! हसून हसून पोट दुखलं.

३० सप्टेंबर
अदलाबदल केली. मीच. शाबासकीची वाट बघत राहिले. मामंजींनी कमळावरून बोट फिरवलं. "बरी आसा." एवढंच. काका तर आपली उचलून घरात निघून गेले.

२ ऑक्टोबर, दसरा
मेस्तांच्या बंदुकीला पहिला मान! मामंजींचे डोळे भरले. मला केवढा आनंद झाला. पण घरच्या पूजेला एरवी मामंजी काकांकडे, काका आमच्याकडे. यंदा दोघं आपापल्या घरात. जेवताना मामंजींचं लक्ष सारखं काकांच्या दाराकडे.

३ ऑक्टोबर
सकाळी मामंजी बंदूक काखेत घेऊन निघाले. काका त्यांची घेऊन कुंपणापाशी हजर! मी आ वासून बघतेय.

"माका पयल्या दिसापासून ठावक आसा गे," मामंजी म्हणाले. काकांकडे बोट दाखवून, "ताकाय."

मग इतकी वर्षं बदलली का नाही?

"आजो ताच्या घरात आसलो काय दसऱ्याक माका थंय जावचाच लागता. कितीय भांडलव तरी."