प्लस दोनचा सिद्धांत

४ मार्च
आज कॅमेऱ्याचे गृहागमन. प्रकाश ही महाशक्ती असली तरी आजवर ती अत्यंत बेशिस्तीने वागत आली आहे. तिला वळण लावण्याचे कार्य आजपासून अस्मादिकांकडे.
निमित्त: सौ.चे नाटक. कॉलेजानंतर प्रथमच ती रंगमंचावर उभी राहणार. प्रमुख भूमिका. बावीस तारखेला एकच प्रयोग. सासूबाई खुब्याचे हाड मोडल्यापासून आमच्या मागच्या खोलीत पलंगावर. त्यांना नाट्यगृहात नेणे अशक्य. त्यांनी लेकीला सांगितले, मला निदान फोटो दाखव गं, म्हणजे मी पाहिलेच समज.
दिग्दर्शकांनी स्टुडिओवाल्याला सांगून ठेवले होते. फोन करून तो बेत मी रद्द करवला. घरात द्रष्टा असताना डोळे बाहेरून का मागवावेत? दिग्दर्शक म्हणाले, साहेब, स्टेजचा लाइट फार लबाड असतो हो, जमेल ना? मी स्मित केले. फोनवर स्मित पोचत नाही हे ध्यानात आल्यावर मोठ्याने हसलो.

५ मार्च
कॅमेऱ्यासोबत जाडजूड माहितीपुस्तिका. न वाचण्याचा निर्णय. मासा पुस्तक वाचून पोहत नाही. पुस्तिका जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. टेबल स्थिर. ग्रंथाचे सार्थक.

८ मार्च
पहिली साधना. सासूबाईंना उशा लावून खिडकीशी बसवले. मागे लख्ख दुपार. फोटोत खिडकी अप्रतिम. सासूबाईंच्या जागी मात्र एक कृष्णवर्णी ढिगारा. त्यांनी चष्मा लावून पाहिले व म्हणाल्या, जावईबापू, हा जपून ठेवा, घरात कोणीही गेलं तरी हार घालायला चालेल.
वृद्धांचा विनोद. क्षमा केली. दोष कॅमेऱ्याचा. उजेड दिसला की तो त्याला भुलतो आणि माणसाला विसरतो. असली यंत्रे मी पाहिली आहेत. काही माझ्या कार्यालयात वरच्या पदावर आहेत.

९ मार्च
साक्षात्कार! कॅमेऱ्यावर अधिक-उणेचे बटण आहे. ‘प्लस दोन’ करताच सासूबाई अंधारातून प्रकटल्या, सुरकुत्यांसह. खिडकी पांढरीफटक झाली, पण खिडकीला विचारतो कोण.
सिद्धांत मांडला: जेथे मानवी मुख, तेथे प्लस दोन. भिंतीवर लिहिणार होतो. सौ. म्हणाली, भिंतीला हात लावून बघा फक्त.

११ मार्च
सिद्धांताची कसोटी. पांढऱ्या चादरीवर पांढरा कप. कॅमेऱ्याच्या मते दोन्ही मळकट राखाडी. प्लस दोन केले, दोन्ही शुभ्र. सिद्धांत दृढ.
मग काळा कोट. कॅमेऱ्याच्या मते राखाडी. प्लस दोनने भस्मासारखा झाला. कोटाला मानवी मुख नसल्याने सिद्धांत अबाधित.

१२ मार्च
आणखी एक गूढ उकलले. काही फोटो काढल्यावर स्क्रीनवर त्यांचे काही भाग लुकलुकतात. काळ्या सासूबाई लुकलुकल्या नव्हत्या. उजळ सासूबाईंचे कपाळ, पदर आणि खिडकी, सारे लुकलुकले. अनुमान स्पष्ट आहे. एक्स्पोजर उत्तम साधले की कॅमेरा अशा रीतीने पसंती कळवतो. यंत्राकडून दाद मिळवणारा या घरातला मी पहिलाच. बाकी कोणाकडून मिळत नाही, हे ओघाने आलेच.

१५ मार्च
संध्याकाळी सौ. संहिता घेऊन आली. अहो, शेवटचा प्रवेश ऐका ना एकदा, मी कुठे अडले तर सांगा. मी दिव्याखाली टोमॅटो लुकलुकवण्यात गुंतलो होतो. म्हणालो, प्रयोगाच्या दिवशी ताज्या नजरेने पाहीन. कलावंताने आस्वाद उष्टा करू नये. ती आईच्या खोलीत गेली. सासूबाईंना वाचताना अक्षरे नाचतात, त्यामुळे त्याही उपयोगी नाहीत. मग भिंतीकडे तोंड करून एकटीच म्हणत बसली. टोमॅटो शेवटी लुकलुकला.

१९ मार्च
हॉलवर लाइटची तालीम. सौ. म्हणाली, आज येऊन कॅमेरा लावून बघा, चुकलं तर आजच कळेल. नम्रपणे नकार. ओळखीच्या शत्रूशी लढण्यात पुरुषार्थ नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आले ते कौतुक असावे.
दिग्दर्शकांना मात्र फोनवर बहुमोल सूचना: प्रेक्षागृहात मोबाइलना बंदी घाला. हौशी लोकांच्या चकाकत्या पडद्यांनी कलेचा भंग होतो. ते म्हणाले, ठीक आहे, पण मग सगळी भिस्त तुमच्यावर हं. मी म्हणालो, भिस्त ठेवण्यासाठीच जन्म आहे.

२२ मार्च, सकाळी
बॅटरी भरली. कार्ड रिकामे. मन भरलेले. सासूबाईंजवळ बसायला शेजारच्या काकू येणार. सासूबाईंनी बजावले, ती हसते तेव्हा डाव्या गालावर खळी पडते, तेवढी आली पाहिजे. म्हटले, खळीचा तळ दाखवतो.

२२ मार्च, प्रयोगानंतर
विजय! पहिल्या रांगेत मध्यभागी आसन. काळा पडदा, मध्ये प्रखर झोत, झोतात सौ. प्लस दोन. पहिल्याच फोटोत तिचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत लुकलुकला. दुसऱ्यात, तिसऱ्यात, दहाव्यातही. अशी दाद सासूबाईंनाही मिळाली नव्हती.
मागचा मनुष्य म्हणाला, अहो मास्तर, तुमच्या हातातला टीव्ही बंद करा की. दुर्लक्ष. शेवटच्या प्रवेशात झोत मंदावला, लुकलुक थांबली. डगमगलो नाही. प्लस तीन. शटर सावकाश. लुकलुक परतली. प्रयोगभर स्क्रीनवरून क्षणमात्र नजर हलवली नाही. याला तपश्चर्या म्हणतात.
शेवटी सगळे उठून उभे राहिले होते. पुढचे सगळे उभे असणार, म्हणून मीही उभा राहिलो. माझ्यापुढे कोणी नव्हते, हे आत्ता लक्षात आले.

२३ मार्च
दिग्दर्शक घरी आले. संगणकावर फोटो लावले. काळ्या पार्श्वभूमीवर साडी नेसलेला एक पांढरा लंबगोल. नाकपुड्या दोन्ही आल्या आहेत. डोळे अंदाजाने. गालच नाही, तर खळी कुठून. शेवटच्या प्रवेशात लंबगोलाला चार हात.
मी म्हणालो, संगणकाचा पडदा बिघडलेला दिसतो. दिग्दर्शक म्हणाले, हम्म. सौ.ने टेबलाखालून पुस्तिका ओढली. टेबल कलंडले, चहा सांडला, कोणी पुसला नाही. तिने वाचून दाखवले: लुकलुकणारा भाग अतिप्रकाशाने जळालेला असून तेथील तपशील पुन्हा मिळवता येत नाही. गडद पार्श्वभूमीवरील उजळ चेहऱ्यासाठी ‘उणे’ वापरावे.
दुसऱ्या कोणाकडे एखादा तरी फोटो असेल, असे मी सुचवले. दिग्दर्शक म्हणाले, मोबाइल बंद होते ना साहेब.
सौ. एवढेच म्हणाली, आईला तुम्ही सांगा.

२४ मार्च
पुस्तिका वाचत आहे. पृष्ठ नऊ. उत्कृष्ट ग्रंथ. दुसरा प्रयोग होणार नाही.
सौ. कामावर गेल्यावर मागच्या खोलीत गेलो. सासूबाई केस विंचरून, चष्मा पुसून तयार होत्या. त्यांनी एकेक फोटो नीट पाहिला. कॅमेरा बाजूला ठेवून म्हणाल्या, जाऊ द्या हो, यंत्रच ते. ती काही नीट सांगत नाही, लाजते. तुम्ही तर पहिल्या रांगेत होतात, तुम्हीच सांगा. कशी आली, काय बोलली, शेवटी काय झालं, सगळं सावकाश सांगा, मला कुठे जायचंय. आणि डोळे मिटून घेतले.
खुर्ची पुढे ओढली. म्हणालो, पडदा उघडला.
त्या म्हणाल्या, हं.
झोत आठवत होता. आकडे आठवत होते. तिचे पहिले वाक्य काय होते, तेही आठवेना.
डोळे न उघडता त्यांनी विचारले, पुढे?