तुमच्या खोलीतला कॉम्प्युटर

अहो,

आईचा पाय लई सुजलाय, म्हणून सातच्या गाडीनं औशाला जायलेय. उद्या येते. भाकरी दुरडीत हायत.

काल तुम्ही नांदेडला गेल्यावर कॉम्प्युटरवर नवं विंडोज टाकून घेतलं. लोकांचे दाखले काढून द्यायचं काम घेतलंय मी, अन् जुन्यावर दाखल्यांची साइटच उघडंना. अपडेट अजून चालू हाय, मशीन जुनी, बटण बंद करू नका.

सगळं पुसलं जाणार होतं, म्हणून तुमच्या परीक्षेच्या फायली आधी पेनड्राइव्हवर घेतल्या. कॉम्प्युटरवाला वैजनाथ म्हणाला, "वहिनी, दोन वर्षांत ह्या कुणी उघडल्या न्हाईत. ठेवू का पुसू?"

मी म्हणलं, "ठेव."

दोन वर्षं मी चहा दारातूनच दिला, तुमचा अभ्यास मोडू नये म्हणून. पोरांनाबी गप्प बसवलं. आत येऊन एकदा बसले असते, तर तुम्ही सांगितलं असतं का? राग न्हाई मला. दमलेय फक्त.

सोमवारपासून दाखल्यांची माणसं घरी येतील. मला एकटीला आवरायचं न्हाई. सोबत बसताल का?

— प्रियदर्शनी