वळणावरचा गिअर

भिलाई, डिसेंबर १९६१

शेषरावदादास, केवलचा नमस्कार.

तू राउरकेल्याले गेल्यापासून तुझी जुनी मोटार मीच चालवून राहिलो. दुर्ग स्टेशनावरून कारखान्यापर्यंत भाडं मारतो.

मायचे डोळे गेले, तुले माहीतच हाय. क्वार्टरच्या वळणावर दुसरा गिअर टाकला की खर्रर्र वाजे, अन् माय आतून ओरडे, "माहा शेषराव आला!" रोज सांगावं लागे, "शेषराव नाही माय, मी केवल." तिचं तोंड उतरे, तरी मंग दोन घास जेवे. थकलो बापा.

शेवटी गिअरबॉक्स खोलला. झिजलेला बुश काढला, कारखान्यातल्या शालिकराम टर्नरनं पितळेचा नवा करून दिला. तेल बदललं, क्लच नीट केला. आता गिअर दोन बोटांनी पडते, जराही आवाज नाही.

त्या संध्याकाळी चूपचाप घरी आलो. ताट वाढलं तर माय म्हणे, "तू जेव. शेषरावची गाडी येऊ दे." तशीच उपाशी निजली. दुसऱ्या रोजीही तेच.

काल वळणावर मी क्लच अर्धाच दाबला अन् नीट केलेला गिअर मुद्दाम खरडवला. माय लगबगीनं उठली, ताटावर बसली. या वेळेस मी "मी केवल" म्हणून सांगितलं नाही. ती पोटभर जेवली. मंग माह्या हातावरून हात फिरवत म्हणे, "शेषराव, केवल कावून नाही आला रे अजून?"

हे पत्र टपालात टाकत नाही. मायच्या लेखी तू रोज घरी येऊन राहिला, हे तुले कळलं तर तू खरंच कायले येशील?

तुझा लहान भाऊ,
केवलराम