आदल्या दुपारचं चित्र

बा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वारा फिरला की मला आधी तूच आठवतोस. आता फोनवर वादळाचा इशारा येतो, नकाशासकट, आणि मी आपल्या मुरबे गावातल्या, होडीवर जाणाऱ्या एकेका भाच्याला फोन करत सुटते. पोरं कंटाळतात. "मावशे, आमाला पण आलाय मेसेज," म्हणतात. तरी एकेकाचा आवाज ऐकल्याशिवाय मी फोन खाली ठेवत नाही.

मुंबईच्या हवामान कचेरीत मला नोकरी लागली तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. माझं काम ठिकठिकाणचे आकडे नकाशावर भरण्याचं. पलीकडच्या खोलीत नवं यंत्र आलं होतं. दुपारी उपग्रह डोक्यावरून गेला की ते एकेक रेघ ओढत राही आणि कागदावर समुद्रावरचे ढग उमटत. असा एक फुकट गेलेला कागद मी घरी आणला होता. तू तो चुलीच्या उजेडात धरलास, किनाऱ्यावरून अंगठा फिरवलास आणि म्हणालास, "यात आमी कुठंच नाय दिसत गो." मी हसले. तू हसला नाहीस.

त्याच दिवाळीच्या तोंडावर चित्रात मला वादळाचा पांढरा भोवरा दिसला. कुणाला न विचारता मी गाडी पकडून पालघरला उतरले, तिथून घरी आले आणि तुला म्हटलं, होडी काढू नकोस. तू काढली नाहीस. बाकी सगळे गेले आणि होड्या भरभरून परतले. भोवरा दूर अरबस्तानाकडे निघून गेला होता. बाया वाळवणीवर बोंबील टाकता टाकता एकमेकींना विचारत, "आज आभाळवालीचा काय हुकूम हाय?" आय माझ्यावर चिडली. तू एवढंच म्हणालास, "तिनं माझ्या जीवाच्या भीतीनं सांगितलं." मला मात्र त्या बायांसमोरून जायची लाज वाटू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात, हंगामाच्या शेवटच्या खेपेची तयारी चालू होती. रविवारी मी घरी होते, आय तुझ्यासाठी तांदूळ बांधत होती. मंगळवारी पहाटेच्या भरतीला निघणार, असं तू म्हणालास. सोमवारी दुपारी चित्र आलं. पुन्हा तसाच भोवरा, या वेळी जवळ, अधिक घट्ट. साहेब म्हणाले, "उद्याचं चित्र बघू, मग ठरवू." ते बरोबरच होतं, एका चित्रावरून दिशा कळत नाही. पण चारची गाडी होती, बा. मी पिशवी उचलली, जिन्यापर्यंत गेले. त्या बाया डोळ्यांसमोर आल्या. मी जागेवर येऊन बसले आणि आकडे भरत राहिले.

दुसऱ्या दिवशी इशारा सुटला. बंदरावर धोक्याचा बावटा चढला तेव्हा तुम्ही खोल पाण्यात होता. मी घरी पोहोचले तर आय दारात उभी, वाळूवर साऱ्या गावच्या बायका, आणि समुद्र असा काळा की बघवत नव्हता. कुणी माझ्याकडे बघून हसलं नाही. एक म्हातारी तर माझा हात धरून विचारत होती, "पोरी, तुझ्या त्या चित्रात होड्या दिसतात का?" तिसऱ्या दिवशी तुझी होडी आली, डोलकाठी मोडलेली. तुझ्याबरोबर गेलेला, डोंगराकडच्या मासवण गावचा खलाशी तिच्यात नव्हता.

त्याची बायको डोंगरातून चालत आली, अंगावर तान्हं. ती रडली नाही. तिनं तुला विचारलं, "आधी कोनालाच कललं नाय?" तू माझ्याकडे बोट केलंस आणि म्हणालास, "ही माझी पोर त्याच कचेरीत हाय. तिला कललं असतं तर ती धावत आली असती. एकदा आली होती." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, तुझं म्हणणं पटल्यासारखी. मी खाली बघत राहिले. तू पुढे बारा वर्षं जगलास. मला कधी काही विचारलं नाहीस, आणि तू विचारशील या भीतीनं मी तुझ्याजवळ एकटी कधी बसले नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. मासवणचा पत्ता मात्र होता. निवृत्त झाले त्या वर्षी मी एसटीनं तिथे गेले, थांब्यावर उतरले, एका माणसाला त्या खलाशाच्या बायकोचं घर विचारलं. त्यानं हात करून दाखवलं, जवळच होतं, अंगणात कुणीतरी बाई भात पाखडत होती. मी समोरून येणाऱ्या गाडीला हात केला आणि परत आले.