तुझ्या मागच्या बाकावरून

मेहकर
मंगळवार, १३ जानेवारी

प्रिय दीपा,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला तिसऱ्याच वाक्याला थांबवशील. "बस झालं समते, काम सांग," म्हणशील. काम आहेच, पण ते शेवटी सांगेन. आमचे ड्रायव्हर ज्ञानेश्वरभाऊ उद्या गाडी घेऊन लोणारला येणार आहेत, त्यांच्याच हाती हे पाकीट देते आहे. अक्षर ओळखून ते तसंच तुमच्या दुकानातल्या फळीवर टाकून देऊ नकोस. एकदा वाच, मग काय करायचं ते कर.

आपली परीक्षा एक फेब्रुवारीला आहे, बुलडाण्याला. इमर्जन्सी टेक्निशियनची, तीच. आजपासून एकोणीस दिवस उरले आणि मी बसते आहे. सर्टिफिकेट मिळवून अ‍ॅम्ब्युलन्सच्या गाडीवर नोकरी करणारी बाई परत परीक्षेला काऊन बसून राह्यली, असं तुला वाटेल. सांगते. पण आधी अभ्यासाचं, कारण सध्या माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. भाकरी थापताना लहान मुलांच्या नाडीचे आकडे म्हणते आणि तव्यावरची भाकरी करपून जाते. आई म्हणते, "पेशंट वाचतीन का नाई ते मले मालूम नाई, पण तुयी परीक्षा होईलोक आपण दोघी उपाशी मरू."

पहिले दहा-बारा दिवस मी चुकीचाच अभ्यास केला. ते जाड पुस्तक पहिल्या पानापासून वाचत सुटले, पिवळ्या पेनानं रेघा ओढल्या. सगळं ओळखीचं वाटायचं, म्हणून खूश होते. मग सेंटरवर आपल्या भागवत सरांनी जुनी प्रश्नपत्रिका पुढ्यात ठेवली आणि शंभरात माझे एक्केचाळीस आले. सर म्हणाले, "वाचलेलं ओळखू येनं वेगळं अन् आठवनं वेगळं. पुस्तक मिटून सांगता येते का, ते पाय." तेव्हापासून मी पुस्तक मिटूनच अभ्यास करते. एक विषय वाचायचा, पुस्तक पालथं घालायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. पहिल्यांदा अर्धंही येत नाही, रडू येतं. जे सुटलं तेवढंच परत बघायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग चार दिवसांनी. एकाच दिवशी एकच विषय घासत बसत नाही. थोडं हृदय, थोडं बाळंतपण, थोडा विषबाधेचा भाग, असं मिसळून घेते, कारण गाडीत बसल्यावर आज कुठला धडा आहे हे कुणी सांगत नाही.

चुकलेल्या प्रश्नांची एक वेगळी वही केली आहे. नुसतं बरोबर उत्तर लिहीत नाही, मी का चुकले तेही लिहिते. त्या वहीनं माझे डोळे उघडले. निम्म्या चुका माहिती नसल्याच्या नव्हत्याच, मी प्रश्न धड वाचला नव्हता. आता आधी शेवटची ओळ वाचते. "सर्वांत आधी काय कराल" विचारलं आहे की "कोणतं औषध द्याल", हे कळलं की मग वरचा किस्सा वाचते. चारपैकी दोन उत्तरं बरोबरच असतात, फक्त ती नंतर करायची असतात. श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास चालतो का, रक्त फिरतं का, ह्या क्रमानं बोट फिरवलं की बहुतेक वेळा उत्तर सापडतं. प्रॅक्टिकलसाठी आईला चटईवर झोपवते, कधी तिचा पाय मोडतो, कधी तिला फीट येते. सगळं मोठ्यानं बोलत करायचं, परीक्षकाला आपल्या मनातलं ऐकू येत नाही. "जागा सुरक्षित आहे, मी हातमोजे घातले आहेत," हे पहिलं वाक्य राहिलं तर पुढचं सगळं फुकट. परवा ते वाक्य मी दोनदा विसरले. आई पडल्या पडल्या म्हणाली, "हातमोजे राह्यले तुये." आता तिलाही पाठ झालंय.

तुला हे सांगणं म्हणजे खरं तर हसण्यासारखंच. तू हे सगळं दोन वर्षांपूर्वी न शिकवता करत होतीस. डोणगावहून आपण एसटीनं मेहकरला क्लासला यायचो तेव्हा तू वाटेवरच्या माणसांना पेशंट करायचीस. "तो बाबा दिसते का तुले पिपळाखाली? छातीत कळ आली समज त्याले. घाम फुटला. काय करशील?" मी खिडकीबाहेर बघून हसायचे आणि म्हणायचे, तुलाच हाक मारीन. तुला वाटायचं मी गंमत करते. मी गंमत करत नव्हते. मी अभ्यासच करत नव्हते, दीपा. बाजूला तू होतीस, मला तेवढं पुरत होतं.

त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. तुला सगळं माहीत आहे, तरी आज मी लिहिते, कारण इतके दिवस ते मी स्वतः एकदाही उच्चारलं नव्हतं. तुझा नंबर पुढे होता, माझा बरोबर तुझ्या मागच्या बाकावर. पाचव्या प्रश्नालाच मी अडले. मी तुझी ओढणी मागून ओढली. एकदा नाही, तीनदा. तू तिसऱ्यांदा उत्तरपत्रिका उजवीकडे सरकवलीस. मी एकामागून एक गोल काळे करत गेले. मग पर्यवेक्षक बाई आल्या, बाकाच्या कडेवर लोंबणारी तुझी पत्रिका त्यांनी उचलली आणि विचारलं, "कोणाची कॉपी करत होतीस? कोणाला दाखवत होतीस?" तू समोरच्या फळ्याकडे बघत राहिलीस. मागे एकदाही वळली नाहीस. वळली असतीस तर मी सापडले असते. तुझा पेपर रद्द झाला, दोन वर्षं परीक्षेला बंदी झाली, तू उठून गेलीस. मी मान खाली घालून उरलेले गोल भरले आणि काठावर पास झाले.

पुढचं तू सोसलंस आणि मी पाहिलं. "हिंमतरावाची पोरगी कॉपी करताना सापडली," एवढंच गावानं ऐकलं. चार महिन्यांत तुझं लग्न लावून दिलं. तुझ्या लग्नात मी नवी साडी नेसून पंगतीत भाजी वाढत होते, तेव्हा तुझे बाबा मला म्हणाले, "तू हुशार निघाली बाप्पा समता. आमच्या पोरीले तुयासारखी अक्कल असती तर आज तेबी गाडीवर राह्यली असती." मी पातेलं उचललं आणि पुढच्या पानाकडे गेले. तिथं तरी बोलायला हवं होतं. त्या क्षणाची मला अजून शरम वाटते, परीक्षेपेक्षाही जास्त.

मग हा मागचा नोव्हेंबर आला. तुला फक्त माझा फोन आठवत असेल, बाकीचं तुला माहीत नाही. डोणगावच्या अलीकडे महादेवराव म्हणून एक म्हातारे आपल्या संत्र्याच्या बागेत फवारणी करत होते, तिथं आग्या मोहोळ उठलं. आम्ही पोचलो तेव्हा ओठ आणि पापण्या सुजून बंद झाल्या होत्या, अंगभर गांधी, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. नाडी बोटाला लागेना. आमच्या दवाखान्याच्या ट्रस्टच्या डॉक्टरांना फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, नाही लागला. माझ्या हातात अ‍ॅड्रिनालिनची कुपी होती आणि मला आठवेना, दीपा. किती, कुठे, काहीच आठवेना. पातळ करून शिरेतून द्यायचं, असं कुठंतरी वाचल्यासारखं वाटत होतं आणि मी शीर शोधायला लागले होते. मग मी तुला फोन केला. दीड वर्षानं. तू "कोण" म्हणून विचारलं नाहीस की "कशी आहेस" म्हटलं नाहीस. मी दोन वाक्यं बोलले असेन, तू म्हणालीस, "शिरेत नको देऊ. मांडीत दे, बाहेरच्या बाजूनं, सुई आतलोक जाऊ दे. अर्धी कुपी. आडवाच ठेव, उठून बसू देऊ नको. पाच मिनिटांत फरक नाई पडला तर परत तेवढंच." तुझ्यामागे गिऱ्हाईक काहीतरी मागत होतं, ते मला ऐकू येत होतं. मी सुई दिली. ज्ञानेश्वरभाऊंनी गाडी सोडली. मेहकरच्या वेशीपर्यंत म्हाताऱ्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तू तोवर फोन ठेवला होतास.

आठवड्यानं महादेवरावांच्या घरून सोजराबाई, त्यांची बायको, संत्र्यांची टोपली घेऊन दवाखान्यात आल्या. सत्तरीच्या असतील. मी काही म्हणायच्या आत त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. "मायं कुकू वाचवलं बाई तुनं," म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. मी पाय मागे घेतले तर लोकांना वाटलं, पोरगी किती नम्र आहे. त्यानंतर मला गाडीत बसवेना. पुढच्या वेळी तुझा फोन लागला नाही तर? सोजराबाईंच्या जागी दुसरी कुणी असेल आणि मी शीर शोधत बसेन.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी भागवत सरांकडे जाऊन सगळं लिहून दिलं. ओढणी ओढल्याचंसुद्धा. सरांनी कागद वाचला, चष्मा काढला. मग एवढंच म्हणाले, "दोन वर्षं काऊन थांबली?" समितीपुढं बोलावलं, तिथंही तेच सांगितलं. माझं सर्टिफिकेट त्यांनी जमा करून घेतलं. स्वतःहून आले म्हणून एकदाच, ह्याच परीक्षेला बसू देताहेत. ट्रस्टनं गाडीवरून काढून मला वॉर्डात चादरी मोजायला ठेवलं आहे, आणि नापास झाले तर तेही नाही. तू कॉपी केली नव्हतीस, दुसरीच्या ओढाताणीला बळी पडलीस, असं समितीनं लेखी दिलं आहे. दाखवल्याचा दोष तुझ्याकडे राहिला, पण त्याची शिक्षा तू भोगून संपवली आहेस. तुझी बंदी उठली.

ते पत्र घेऊन परवा रविवारी मी डोणगावला तुझ्या घरी गेले. हिंमतरावकाकांनी ते दोनदा वाचलं. मी उभी राहून सगळं सांगितलं, बस म्हणून कुणी म्हणालं नाही. काकूंनी पाणी विचारलं नाही, बरोबरच केलं. काका म्हणाले, "तिनं आमाले एका शब्दानं नाई सांगतलं." मग उठून आत गेले, परत बाहेर आलेच नाहीत. मी एसटीनं घरी आले.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. काल दुपारी काका इथं मेहकरला, आमच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं मारतील. त्यांनी मला फक्त विचारलं की तुमच्या दुकानाकडे जायला लोणारच्या स्टँडवरून कोणत्या बाजूनं वळायचं. लग्न झाल्यापासून ते तुझ्याकडे आलेले नाहीत, त्यांना वाट माहीत नव्हती. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येताहेत. "जाऊन काय बोलू तिच्यासंग?" असं त्यांनी मलाच विचारलं आणि ओट्यावर बसून राहिले, आईनं चहा दिला तोही गार झाला. अचानक दारात दिसले तर तू आत निघून जाशील, ह्या भीतीनं मी हे लिहिते आहे. माझ्याशी बोलू नकोस, पण त्यांच्याशी बोल. सोबत समितीचं पत्र आणि कोरा फॉर्म आहे, भाऊजींनाही दाखव. शेवटची तारीख वीस. माझ्या चुकांच्या वहीची झेरॉक्सही ठेवली आहे, तुझा हात दोन वर्षं सुटलेला आहे म्हणून. भरशील की नाही, मला ठाऊक नाही. मी माझं माझं लिहीन, एवढं मात्र नक्की. आणि शुक्रवारी काका पायरीशी थांबले तर तूच आधी हाक मार, दीपा. त्यांना जमायचं नाही.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क परत मिळेल तेव्हा मिळो, तरीही तुझीच,
समता